ओळखलंत का, बाई?



नवरात्र जवळ आले की केडगावची पहाट बदलते. नगर शहरातून आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून माणसे रेणुकामातेच्या दर्शनाला पायी येऊ लागतात. उजाडण्यापूर्वीच वाटेवर पावलांचा आणि हलक्या बोलण्याचा आवाज सुरू होतो. आमचे घर त्याच वाटेला लागून आहे. माझ्या सासूबाई या नऊ दिवसांत पहाटेच आंघोळ उरकून ओट्यावर खुर्ची टाकून बसत. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवलेल्या त्या बाई. गाव त्यांना बाई म्हणे, म्हणून सुना-मुले आणि नातवंडेही बाईच म्हणू लागली. दर्शनाहून परतणारे त्यांचे जुने विद्यार्थी ओट्यापाशी थांबत. केस पिकलेली, नातवंडांचे बोट धरलेली ही माणसे वाकून नमस्कार करत आणि हसत विचारत, ‘ओळखलंत का, बाई?’

पुष्कळ वर्षे बाईंनी ओळखले. नुसते नाव नव्हे, तर वडिलांचे नाव, वस्ती आणि कोणत्या पाढ्याला अडत असे, तेही सांगितले. पुढे एका नवरात्रात त्या नुसत्या हसल्या. त्यानंतरच्या वर्षी तो प्रश्न आला की त्यांचे बोट पदराशी खेळू लागे. त्याच्या पुढच्या वर्षी पाचव्या माळेला त्या मला हळूच म्हणाल्या, ‘उद्यापासून मी आत बसते. हे सगळे माझी परीक्षा घेतात.’

त्या वाक्यापाशी मी आजही थांबते. आयुष्यभर परीक्षा घेतलेल्या माणसाला आपण सारे मिळून रोज नापास करत होतो, आणि तेही प्रेमाने. बाईंना जाऊन आता दीड वर्ष होईल. नव्वदी ओलांडलेले भरलेले आयुष्य होते. या स्तंभात मी एरवी सांध्यांची, रक्तदाबाची, झोपेची चर्चा करते. या वेळी बाईंची आठवण सांगणार आहे. तिच्यात तुमच्या घरातील ज्येष्ठांसाठी आणि त्यांची सेवा करणाऱ्या तुमच्यासाठी काही उपयोगाचे आहे, असे मला वाटते. पैकी बरेचसे मी चुकून शिकले आहे.

नगरची परंपरा

शिक्षिकांच्या बाबतीत आमच्या नगरची, आताच्या अहिल्यानगरची, परंपरा जुनी आहे. सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या अविवाहित शिक्षिका १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत नगरला मुलींना शिकवत राहिल्या. जोतीराव फुले यांनी त्यांची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात आपली शाळा काढली. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या शिक्षणाचा काही भाग याच मिस फरार यांच्याकडे झाला, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. स्त्रीने शाळेत उभे राहून शिकवायचे, ही गोष्ट या मातीत अशी दीडशे वर्षांहून अधिक काळ रुजलेली आहे.

बाई त्या परंपरेतील अगदी साध्या पाईक. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा देऊन त्या लोकल बोर्डाच्या शाळेत लागल्या. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या तेव्हा त्याच शाळेच्या फळीवरचे नाव बदलले. बाईंची पायपीट बदलली नाही. १९७२ च्या दुष्काळात वर्ग निम्मे रिकामे झाले. मुले आईबापांबरोबर खडी फोडायला जाऊ लागली. बाई दुपारी पाटीचा गठ्ठा घेऊन खडीच्या कामावर जात आणि जेवणाच्या सुटीत झाडाखाली मुलांना बसवत. ही हकीकत मला बाईंनी कधीच सांगितली नव्हती. ती कशी कळली, ते पुढे सांगते.

विसरणे आणि विसरणे

वाचकहो, सर्व विसरणे सारखे नसते. चष्मा कुठे ठेवला हे न आठवणे, ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडकणे, हे वयानुसार बहुतेकांना होते. नाव आठवणे हे स्मृतीच्या कामांपैकी अवघड काम आहे. कारण नावाचा आणि चेहऱ्याचा अर्थाने काही संबंध नसतो. म्हणून निरोगी वृद्धांनाही चेहरा कळतो, नाव सुचत नाही. परंतु नेहमीच्या वाटेवर चुकणे, तोच प्रश्न पाचव्या मिनिटाला पुन्हा विचारणे, हिशेब आणि स्वयंपाकाचा क्रम बिघडणे, स्वभावात ठळक बदल होणे, ही लक्षणे दिसली तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. आम्ही ते वर्षभर सोडून दिले.

अखेर तपासणी केली तेव्हा काही गोष्टी आमच्या डोळ्यांसमोर असूनही आम्हाला दिसल्या नव्हत्या, हे कळले. बाईंच्या दोन्ही कानांत मळ घट्ट बसलेला होता, आणि तो काढल्यावरही श्रवणयंत्राची गरज होती. जे नीट ऐकूच आलेले नाही ते लक्षात तरी कसे राहावे? रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. थायरॉइडचे काम मंदावणे, मनाला आलेली उदासी, मोतीबिंदू, झोपेच्या किंवा सर्दी-खाजेच्या काही गोळ्या यांमुळेही बुद्धी मंद झाल्यासारखी वाटते, आणि यांतील बऱ्याच गोष्टींवर उपाय असतो. बाईंचा मूळ आजार स्मृतिभ्रंशाचाच निघाला. तो बरा होणारा नव्हता. पण कान आणि बी-१२ सुधारल्यावर त्यांचे दिवस निश्चितपणे सोपे झाले. तो एक वर्षाचा उशीर टळला असता, तर ते सोपे दिवस आधीच सुरू झाले असते.

आणखी एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. एका उन्हाळ्यात बाई दोन दिवसांतच एकदम भ्रमिष्टासारख्या झाल्या. दिवसा झोप, रात्री बडबड, भिंतीवर माणसे दिसणे. आम्हाला वाटले, आजार एक पायरी पुढे गेला. वास्तविक त्यांना लघवीचा संसर्ग झाला होता आणि अंगातले पाणी कमी झाले होते. उपचार मिळताच आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी आणि वर्षावर्षांनी सरकतो. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत आलेला गोंधळ हा बहुधा संसर्ग, पाण्याची वा क्षारांची कमतरता, बद्धकोष्ठ, किंवा नवे औषध यांचा परिणाम असतो. अशा वेळी थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पहिली घंटा झाली का?

आजार वाढला तसे बाईंचे घड्याळ मागे गेले. पहाटे चारला उठून त्या निऱ्या करत, छत्री शोधत आणि दारापाशी येऊन विचारत, ‘पहिली घंटा झाली का?’ सुरुवातीला मी खरे तेच सांगत असे. ‘बाई, तुम्ही निवृत्त होऊन तीस वर्षे झाली.’ ते ऐकून त्यांचा चेहरा असा उतरे, की जणू निवृत्तीचा कागद मी त्या क्षणी हातात दिला आहे. त्या सासऱ्यांविषयी विचारत. ते बारा वर्षांपूर्वी वारले, हे सांगितले की त्या नव्याने विधवा होत. खरे बोलण्याच्या हट्टापायी मी त्यांना तेच दुःख कितीदा दिले, त्याची मोजदाद मी केलेली नाही, हेच बरे.

आणि एकदा मी चिडले. रात्रभर झोप नव्हती, गुडघे ठणकत होते, दूध उतू गेले होते, आणि बाईंनी अकराव्यांदा तेच विचारले. मी ओरडले, ‘किती वेळा तेच तेच सांगायचं!’ बाई गप्प झाल्या. त्यानंतर दोन दिवस त्यांनी मला काहीच विचारले नाही. प्रसंग त्यांना आठवत नव्हता, हे मला ठाऊक आहे. मात्र त्या प्रसंगाची भीती त्यांच्या अंगात राहिली होती. पुढे वाचनात आले, की स्मृतिभ्रंशात घटना पुसली गेली तरी तिने मनात उठवलेली भावना काही काळ तशीच राहते. म्हणजे आपण काय बोललो ते त्या विसरतात. कसे बोललो ते मात्र मागे उरते. सेवा करणाऱ्याने एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ झाले.

मार्ग दाखवला तो धाकट्या नातवाने. एका पहाटे घंटेचा प्रश्न आला तेव्हा तो अंथरुणातूनच म्हणाला, ‘बाई, कोणत्या वर्गावर आहात आज?’ बाई म्हणाल्या, ‘दुसरी. त्रेसष्ट पोरं.’ ‘काय शिकवणार?’ ‘हातचा.’ आणि त्या खुर्चीत बसून हातच्याची बेरीज कशी समजवायची ते सांगू लागल्या; काड्यांच्या जुड्या बांधून, दहाची एक जुडी झाली की शेजारच्या घरात पाठवायची. मुद्देसूद, एकही शब्द न चुकता. तासाभराने चहा पिऊन त्या झोपल्या. मुलाने खोटे काही सांगितले नव्हते, बाईंना खोडूनही काढले नव्हते. तो त्यांच्या वर्गात जाऊन बसला होता.

तेव्हा मला अनुताई वाघ आठवल्या. १९१० मध्ये मोरगावला जन्मलेल्या, बालपणीच वैधव्य आलेल्या या शिक्षिकेने ताराबाई मोडक यांच्यासमवेत बोर्डी आणि मग कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी आयुष्य वाहिले. १९९२ मध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी कोसबाडलाच त्यांचा अंत झाला. मुले शाळेत येत नाहीत हे पाहून या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. मुले गुरे राखायला जात म्हणून शाळा कुरणातही गेली. ज्येष्ठांच्या सेवेतही हेच सूत्र आहे. जे आपल्या वर्तमानात येऊ शकत नाहीत, त्यांच्या अंगणात आपण जावे.

जुने का टिकते?

सकाळची पोळी आठवत नाही आणि सत्तर वर्षांपूर्वीचा वर्ग आठवतो, याचे नातेवाइकांना नवल वाटते. कधी संशयही येतो. यामागे मेंदूची रचना आहे. नवी आठवण घडवण्याचे काम मेंदूच्या आतील हिप्पोकॅम्पस नावाच्या लहानशा भागावर फार अवलंबून असते, आणि अल्झायमरच्या आजारात तोच भाग लवकर झिजतो. जुन्या, वारंवार उजळलेल्या आठवणी मेंदूच्या इतर भागांत पसरून पक्क्या झालेल्या असतात. त्या उशिरापर्यंत तग धरतात. निरोगी वृद्धांनाही साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी अधिक संख्येने आणि अधिक ठसठशीत आठवतात. हातांची सवय तर आणखी चिवट असते. म्हणून बाईंना वार सांगता येत नव्हता तेव्हाही खडूने फळ्यावर ‘श्री’ वळणदार काढता येत होते.

म्हाताऱ्यांनी जुने उगाळत बसणे हे पूर्वी मन खचल्याचे लक्षण समजले जाई. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये वेगळे मत मांडले. आयुष्याच्या उतारावर मागे वळून पाहणे, झाल्या-गेल्याचा हिशेब जुळवणे ही स्वाभाविक आणि उपयुक्त प्रक्रिया आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातून पुढे वृद्धांशी आठवणी बोलण्याची पद्धत उपचारातही आली. तिचे गुण वाढवून सांगू नयेत. अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर तिचे परिणाम लहान आहेत आणि सर्वत्र सारखे नाहीत; गेलेली स्मृती ती परत आणत नाही. मात्र काहींची मनःस्थिती, बोलणे आणि दिवसाची गोडी तिने सुधारते. शिवाय तिला खर्च नाही.

वही

नातवाच्या त्या पहाटेनंतर आम्ही दोनशे पानी वही आणली. रोज दुपारी चहानंतर बाई बोलत आणि मी लिहून घेत असे. सून सासूचे आत्मवृत्त लिहिते, यात नवे काही नाही. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा त्या ऐंशीला टेकल्या होत्या, आणि त्या पुस्तकाचे संपादन केले ते त्यांच्या सूनबाई कावेरी कर्वे यांनी. आमच्या नगरशी जवळचे नाते असलेले उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. नारायण वामन टिळकांच्या संसाराची बरीच वर्षे नगरला गेली. टिळकांचे चरित्र लिहिण्यासाठी पुत्र देवदत्त यांनी आईकडे आठवणी मागितल्या, आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या त्या माउलीने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ पासून ती भागाभागाने प्रसिद्ध झाली. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या आणि अखेरचा भाग देवदत्तांनी पुरा केला. मुलाने विचारले म्हणून मराठीला ते पुस्तक मिळाले. न विचारल्यामुळे काय काय गेले असेल, हे कोण सांगणार?

आम्ही फार उशिरा विचारले. वहीची अर्धी पाने कोरी आहेत. काही हकीकती मध्येच तुटतात. एका छायाचित्रात बाईंच्या वर्गातली मुले रांगेत उभी आहेत. त्यांतील एकाचेही नाव आता आम्हाला ठाऊक नाही. पाच वर्षे आधी विचारले असते तर बाईंनी सगळी नावे हजेरीच्या क्रमाने म्हटली असती.

त्या वहीत एक पान आहे. लिहिताना मी थांबले होते. बाई सांगत होत्या, की माझी नणंद सहा वर्षांची असताना तिला मुदतीचा ताप आला आणि नेमकी त्याच दिवसांत शाळेची तपासणी होती. ‘मी शाळेत गेले. शेजारच्या काकूंनी पोरीला सांभाळलं. सात दिवस गेले मी.’ मग म्हणाल्या, ‘हे लिहू नकोस.’ मी लेखणी खाली ठेवली. बराच वेळ गेला. बाई म्हणाल्या, ‘लिही. मुलांच्या चुका मी लाल शाईनं दाखवल्या. माझी राहू दे लिहिलेली.’

माझ्या नणंदबाई आईविषयी नेहमी थोड्या तुटकपणे बोलत. बाई गेल्यानंतर चौदाव्या दिवशी त्यांनी ती वही मागितली. ते पान वाचून त्या स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, ‘वहिनी, शाळेतल्या पोरांना मिळाली तेवढी आई मला मिळाली नाही, असं मी आयुष्यभर म्हणत आले. तिला ते कळत होतं, हे मला ठाऊक नव्हतं.’ एवढेच. त्यावर आम्ही काही बोललो नाही. पण त्यांनी वहीतले ते पान घडी घालून लपवले नाही, फाडलेही नाही. आपल्या मुलीला वाचायला दिले.

म्हणून सांगते, वाचकहो, वडीलधाऱ्यांची आठवण लिहिताना त्यांना देव्हाऱ्यात बसवू नये. बाई शिस्तीच्या होत्या, हट्टी होत्या, घरच्या मुलांना त्यांच्या वाट्याचा वेळ कमी मिळाला. आणि त्यांनी खडीवरच्या पोरांना लिहायला शिकवले. दोन्ही खरे आहे. दोन्ही लिहिले तरच माणूस उरतो.

भेटायला आलेले

बाई गेल्या तेव्हा दहा-बारा दिवस घरी माणसांची रीघ होती. त्यात एक सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ होते. त्यांनी दुष्काळातील खडीच्या कामाची ती हकीकत सांगितली. ‘माझं शिक्षण बंद पडलेलं. बाई उन्हात पाट्या घेऊन यायच्या. मी पुढं कारकून झालो, तो त्या झाडाखालून.’ घरात कोणालाच हे माहीत नव्हते. आम्ही तीच वही पुढे केली. त्यांनी दोन पाने लिहिली. मग येणाऱ्या प्रत्येकाला वही देऊ लागलो. कोणी चार ओळी लिहिल्या, कोणी नुसती सही केली, एका आजींनी लिहिता येत नाही म्हणून आपल्या नातीला सांगितले. बाईंची वही बाईंच्या विद्यार्थ्यांनी पुरी केली. दुःखाच्या त्या दिवसांत ‘कसं झालं, किती दिवस आजारी होत्या’ हे पुन्हापुन्हा सांगून आम्ही थकलो होतो. वही आल्यावर बोलणे आजारावरून आयुष्याकडे वळले. शोक त्याने संपला नाही, पण सोसवू लागला.

तुमच्या घरी

आता थोडे कामाचे. आठवणी विचारायची वेळ सकाळची किंवा दुपारच्या विश्रांतीनंतरची ठेवावी. स्मृतिभ्रंशात संध्याकाळी अस्वस्थता वाढते. आधी चष्मा पुसावा, श्रवणयंत्राची बॅटरी पाहावी, दूरदर्शन बंद करावे आणि समोर बसून बोलावे. एका वेळी वीस मिनिटे पुरेत. ‘आठवतंय का?’ असे विचारू नये. त्यात परीक्षा आहे. ‘तुमच्या शाळेत पाणी कुठून आणायचे?’, ‘पहिल्या पगारातून काय घेतलंत?’, ‘आईच्या हातचं काय आवडायचं?’ असे विचारावे. एखादी वस्तू हातात द्यावी. जुने भांडे, पाटी, सणाचे छायाचित्र. वास आणि गाणी पुष्कळ दारे उघडतात. सनावळी चुकली तर दुरुस्त करू नये. रडू आले तर घाईने विषय बदलू नये. हात धरून बसावे. मात्र एखादी आठवण फार त्रास देत असेल, तर तिच्यामागे लागू नये. भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करायचे असल्यास आधी विचारावे. छायाचित्रांच्या मागे पेन्सिलीने नावे लिहावीत. हे काम याच आठवड्यात करावे. आजार येण्याची वाट पाहू नये.

सेवा करणाऱ्यांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. मी ओरडले ती पहाट केवळ माझ्या स्वभावाची नव्हती. ती तीन महिन्यांच्या अपुऱ्या झोपेची होती. रात्रपाळी घरातल्या माणसांत वाटून घ्या. आठवड्यातून एक दुपार तरी दुसऱ्याच्या हाती सोपवून बाहेर पडा. त्याची लाज बाळगू नका. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, आणि मनावरचा ताण असह्य झाला तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. दोन्ही सेवा विनामूल्य आहेत.

आणि त्या प्रश्नाचे काय? त्याचे उत्तर आम्ही बाईंच्या अखेरच्या नवरात्रात शोधले. ओट्यावर येणाऱ्याला मी आधीच सांगत असे, ‘नाव स्वतःच सांगा.’ मग माणसे म्हणू लागली, ‘बाई, मी अमक्याची मुलगी, वरच्या वस्तीवरची, तुमच्या दुसरीत होते.’ कोणतीही परीक्षा नाही, नुसती हजेरी. बाई प्रत्येकाकडे पाहून म्हणत, ‘ये, बस.’ त्यांना खरोखर किती आठवत होते, ते मी सांगू शकत नाही. पण त्या वर्षी नऊही दिवस त्या ओट्यावर बसल्या. आत गेल्या नाहीत.

येत्या पंधरवड्यात तुम्ही कोणा वृद्ध शिक्षिकेला, आत्याला, आजीला भेटायला जाल. दारातून आत शिरताच आपले नाव सांगा, गाव सांगा, नाते सांगा आणि मग जवळ बसा. ‘ओळखलंत का?’ एवढे मात्र विचारू नका.